परतीची रिकामी गाडी

३ एप्रिल

भाऊजी,

पत्र बघून दचकू नका, कुणी आजारी नाही. दोन वर्षांनी लिहितेय आणि तेही कामासाठी, म्हणजे मी तुमच्या आईवर गेले म्हणा.

लॉन्ड्रीचं बरं चाललंय. दोन लॉजच्या चादरी होत्याच, आता दवाखान्याच्याही आल्या. पण भट्टी सकाळी पाचला पेटते ती दुपारी दोनपर्यंत खाते. कोळसेवाला दर महिन्याला नवा भाव सांगतो आणि वर म्हणतो, "बाई, तुमच्यासाठी म्हणून." हिवाळ्यात माझ्या खोलीतली शेगडी मी आठवड्यातून दोनदाच पेटवली. ओल्या हातांनी थंड अंथरुणात शिरायचं म्हणजे काय, ते सांगत बसत नाही.

काल शेजारच्या मास्तरांनी बातमी आणली. तुमच्या धरणाच्या पाण्यात जी जुनी फळबाग जाणार आहे, तिची झाडं पाडून टाकलीत म्हणे. लाकूड फुकट, ज्याने त्याने न्यावं, फक्त वर्षाच्या आत जागा मोकळी करावी. बाग तुमच्या घरापासून चालत दहा मिनिटांवर आहे ना?

साठ मैलांवरचं फुकट लाकूड फुकट नसतं, एवढं मलाही कळतं. म्हणूनच तुम्हाला विचारतेय. तुम्ही आणि ह्यांनी सात वर्षं या घाटातून लाकडं ओढलीत. कुठलं लाकूड, किती, कोणत्या गाडीतून आणलं तर परवडतं, हे आपल्या घरात आता तुम्हालाच ठाऊक आहे.

ह्यांना जाऊन येत्या नोव्हेंबरात अकरा वर्षं होतील. लाकडाच्या गाडीवरून माणूस गेला त्या घरात पुन्हा लाकडाचं नाव काढते, असं कुणी म्हणेल. म्हणू दे. थंडी काही सुतक पाळत नाही.

जाऊबाईंना आठवण सांगा. उत्तर लवकर धाडा.

तुमची,
वहिनी

---

१४ एप्रिल

वहिनी,

नमस्कार. बातमी खरी आहे. तीनशेच्या वर झाडं आडवी पडलीत. पण तुम्ही यात पडू नये असं मला वाटतं, आणि कारणं नीट सांगतो.

एक तर लाकूड ओलं आहे. ओल्या लाकडात निम्मं पाणी असतं. म्हणजे साठ मैल तुम्ही पाणीच वाहून नेणार आणि भट्टीत घातल्यावर ते नुसतं धुमसणार. दुसरं म्हणजे जुनी फळझाडं गाठीची असतात, फोडणाऱ्याचे खांदे जातात. तिसरं, गाडी. इथे गाडी मिळत नाही. खालून मागवायची तर जायचं-यायचं दोन्ही भाडं तुमच्या डोक्यावर. त्यापेक्षा कोळसा स्वस्त.

मी आता गाडी चालवत नाही हे तुम्हाला माहीत आहे. गोदामात पोती मोजतो. पाठही पूर्वीची राहिली नाही.

शेगडीसाठी थोडे पैसे पाठवू का? संकोच करू नका.

आपला,
धाकटा

---

२२ एप्रिल

भाऊजी,

पैसे नकोत. लाकूड हवंय.

तुमची कारणं मी भिंतीला टेकून दोनदा वाचली. पहिलं कारण खरं आहे, म्हणून त्याला उपाय काढला: लाकूड आत्ता आणायचंच नाही. आत्ता कापून, फोडून तिथेच रचून ठेवायचं. खाली दोन आडवे ओंडके, म्हणजे जमिनीचा ओलावा लागत नाही. वरचा थर साल वर करून, म्हणजे पाणी निथळतं. आणि बाजूंनी वारा खेळता. उन्हाळा खाऊन, पावसाळा निथळून ऑक्टोबरात ते निम्म्या वजनाचं होईल. हे मला कुणी शिकवलं? तुमच्या दादांनी, परसात उभं राहून, मी कंटाळले तरी.

दुसरं कारण, गाठी. गाठीचं लाकूड भट्टीला सोन्यासारखं. सावकाश जळतं. फोडायला माणसं लावा, मजुरी मी देईन. मास्तर आणि पाववाला दोघं वाटेकरी व्हायला तयार आहेत.

आणि आता तिसरं. आमच्या गल्लीच्या तोंडाशी एक ट्रक रात्री मुक्कामाला असतो. त्याच्या ड्रायव्हरचे कपडे माझ्याकडे येतात, सिमेंटने इतके कडक की उभे करून ठेवता येतील. परवा त्याला सहज विचारलं, बाबा, सिमेंट नेतोस कुठे? म्हणाला, वर, धरणाच्या गोदामात. म्हटलं, आणि येताना काय आणतोस? हसला. म्हणाला, "हवा."

भाऊजी, तुमच्या गोदामातून दिवसाला सहा गाड्या रिकाम्या उतरतात. त्यांची नोंद तुम्हीच ठेवता. रिकामी परतणारी गाडी डिझेलच्या वरखर्चात लाकूड आणते, हे तुम्हाला शिकवायला हवं? आणि तुम्ही मला लिहिता, इथे गाडी मिळत नाही.

मी त्यावर रात्रभर विचार केला. मला वाटलं, आपण नकोशा झालो असू. विधवा वहिनी एकदा मदत मागते, मग दर वर्षी मागेल, असं काही मनात आलं असेल तर तसं लिहा. मी राग धरणार नाही. पण खोटं कारण देऊ नका.

त्या दिवशी तुमचा काही दोष नव्हता, हे मी तेव्हाही सगळ्यांसमोर सांगितलं. दोर तुटला, माणूस मागून पडला, केबिनमध्ये बसलेल्याला काय कळणार. अकरा वर्षांत तुम्ही एकदाही घाट उतरून माझ्या दारी आला नाहीत. मी काही विचारलं नाही. आजही विचारत नाही.

वहिनी

---

३० मे

वहिनी,

उशीर झाला, माफ करा. तुम्ही नकोशा असं पुन्हा लिहू नका.

लाकूड तोडून घेतोय. दोन माणसं लावलीत, रविवारी मीही जातो. तीन-तीन फुटांचे तुकडे करतोय, तुमच्या भट्टीच्या तोंडाला बसतील असे. रचाई तुम्ही लिहिलीत तशीच. दादा तसंच रचायचा.

ऑक्टोबरात त्या ड्रायव्हरला सांगा. गोदामात मी बोलून ठेवतो, परतीला बागेकडून गाडी वळवायला कुणाची हरकत नाही. माल भरताना एवढं लक्षात ठेवा: जाड खाली, बारीक वर, गाडीच्या बाजूच्या फळीहून उंच एक थरही नको. दोर दोन ठिकाणी आडवे आणि एक उभा. वर कुणाला बसवू नका. काही झालं तरी वर कुणाला बसवू नका.

मी येऊ शकणार नाही. मजुरीचं नंतर बघू.

धाकटा

---

१० सप्टेंबर

ती. ताईंना धाकट्या जाऊचा नमस्कार.

हे पत्र ह्यांना न सांगता लिहितेय. तुम्ही पुढच्या महिन्यात लाकडासाठी वर येणार, तेव्हा हे घरी नसले तर मनाला लावून घेऊ नका, एवढ्यासाठी.

ह्यांची पाठ ठणठणीत आहे. रविवारी एकट्याने लाकडं फोडतात, घरी येतात ते हात सोलवटून. मी म्हटलं, माणसं लावलीत ना? म्हणाले, माणसं नीट रचत नाहीत.

ताई, ह्यांचं मला कळेनासं झालंय. आम्ही आजवर चार घरं बदलली. पहिल्यात वरच्या मजल्यावर बिऱ्हाड होतं, पावलं वाजायची. ती ह्यांना सोसेनात. आता कौलं नाहीत, पत्रे नाहीत, वर कुणी नाही असं घर घेतलंय, तरी जेवता जेवता हात थांबतो आणि वर बघतात. मी विचारलं तर "काही नाही" म्हणतात. गाडीत तर बसतच नाहीत. बाजार सात मैलांवर, पायी जातात. मला वाटतं, दादांचं दुःख इतक्या वर्षांत जिरलंच नाही. तुम्ही दोन शब्द बोललात तर बरं होईल. तुमचं ऐकतील.

या नक्की. माझ्या खोलीत झोपू आपण दोघी.

---

१९ ऑक्टोबर

भाऊजी,

लाकूड पोचलं. पहिली गोष्ट ती.

दुसरी गोष्ट, मी रागावले आहे. मी साठ मैल येते, रात्रभर तुमच्या घरी राहते, आणि तुम्ही "गोदामात मोजदाद आहे" म्हणून दोन दिवस गायब? जाऊबाई बिचारी तुमच्या वतीने ओशाळत होती.

पण सकाळी बागेत गेले आणि राग निम्मा उतरला. काय रचाई केलीत हो! भिंतच जशी. एक तुकडा हातात घेऊन दुसऱ्यावर आपटला, तर खणखणीत वाजला. फळझाडाच्या वाळल्या लाकडाला गोडसर वास येतो हे मी विसरलेच होते. मास्तर आणि पाववाला आपापला वाटा बघून लग्नातल्या वऱ्हाड्यांसारखे खुश आहेत.

आता तिसरी गोष्ट. ती लिहू की नको, असं दोन दिवस चाललंय. पण सांगायला दुसरं आहे कोण?

आम्ही दुपारी बाराला निघालो. मी केबिनमध्ये, ड्रायव्हर गाणी म्हणत होता, सुरात नव्हती पण मनापासून होती. तुम्ही लिहिलंत तसंच सगळं भरलं होतं. वर कुणी नव्हतं. पाण्याच्या टाकीजवळचा चढ लागला, जिथे ह्यांना... तोच चढ. मी पदर तोंडाला धरून खाली बघत होते. तेवढ्यात ड्रायव्हरने गाणं थांबवलं. मला म्हणाला, "बाई, वर कुणाला बसवलंय का?"

म्हटलं, "नाही. का?"

"कोण ठोकतंय मग?"

मी कान दिला. टपावर आवाज येत होता. टक टक. मग जरा थांबून पुन्हा टक टक. लाकूड घासल्याचा नव्हे. बोटांच्या सांध्यांनी पत्र्यावर वाजवावं तसा.

ड्रायव्हर धीट माणूस. चाकाखाली दगड लावून उतरला, वर चढला. मीही उतरले. वर कुणी नव्हतं. पण मागच्या आडव्या दोराचे दोन पेड फळीच्या लोखंडी कोपऱ्यावर घासून तुटले होते. तिसऱ्यावर अख्खा ढीग लटकत होता. ड्रायव्हरचा चेहरा सिमेंटहून पांढरा झाला. म्हणाला, "आणखी दोन वळणं, आणि मागून येणाऱ्याचं काही खरं नव्हतं." नवा दोर बांधला, कोपऱ्याला पोतं गुंडाळलं आणि आम्ही सावकाश खाली आलो. त्यानंतर तो गायला नाही.

मी भुताखेतांतली नाही. वाळलं लाकूड तडकतं, उन्हाने पत्रा वाजतो, हे मी स्वतःला सांगितलं. पण भाऊजी, तडकणारं लाकूड दोन-दोनदा मोजून कसं तडकेल? आणि चढावरची भरलेली गाडी बघता बघता थांबली, पुन्हा सुरूही झाली. काही बिघडलं नाही.

तुम्ही इतकी वर्षं गाडी चालवलीत. असं कधी ऐकलंय का?

वहिनी

---

२७ ऑक्टोबर

वहिनी,

तुमचं पत्र गोदामाच्या दारात उभ्याने वाचलं. मग पोत्यांवर बसलो. पाच वाजता कुलूप लावायचं असतं, ते सातला लावलं.

तुम्ही विचारलंत, असं कधी ऐकलंय का. ऐकलंय. अकरा वर्षांपूर्वी, त्याच चढावर. हे मी कुणालाही सांगितलेलं नाही. बायकोलाही नाही.

आमची खूण ठरलेली होती. गाडी मागे घेताना, माल भरताना, दादा बाहेर आणि मी आत. पत्र्यावर एकदा ठोकलं की चल. दोनदा ठोकलं की थांब.

त्या दिवशी वादळात पडलेली झाडं फुकट मिळाली होती. गाडी वीटभट्टीवाल्याची, अंधार पडायच्या आत परत द्यायची होती. दादा म्हणाला, दोन खेपा करू, लाकूड ओलं आहे. मी म्हटलं, फुकटचं लाकूड आणि दोन खेपांचं डिझेल, मग फुकट कसलं? एकाच खेपेत भरलं. फळीच्या वर तीन थर चढवले. मग माझ्या शेजारच्या सीटवरही ओंडके रचले. ते मीच रचले, वहिनी. दादाची जागा होती ती. तो हसला आणि वर जाऊन बसला.

टाकीजवळच्या चढावर ठोकणं ऐकू आलं. टक टक. मला कळलं की तो थांब म्हणतोय. पण त्या चढावर भरलेली गाडी थांबवली तर पुन्हा उचलणार नाही, अशी मला भीती. मी आतल्या आत म्हटलं, "थांब रे, चढ संपू दे." पुन्हा टक टक. मी गिअर बदलला. मग जोरात. मग भराभर, मोजता येऊ नये असं. मी म्हटलं, "आलं, आलं, संपलाच चढ."

मग ठोकणं थांबलं.

मला बरं वाटलं. ते मी विसरू शकत नाही. मला बरं वाटलं की झालं एकदाचं, दोर त्याने स्वतःच आवळला असेल. ठोकणं थांबलं म्हणून मी थांबलो नाही. चढ संपल्यावरही नाही. पुढचे अठरा मैल मी मागे वळून पाहिलं नाही.

तुमच्या दारात गाडी लावली. तुम्ही चादर झटकत बाहेर आलात आणि विचारलंत, "हे कुठे?" मी टपाकडे बघितलं. सगळ्यांना वाटलं की मला तेव्हा कळलं. मला त्याच्याही आधी कुठेतरी कळलं होतं, पण मी ते कळू दिलं नव्हतं.

पोलिसांनी विचारलं, काही आवाज आला का. मी म्हटलं, नाही. तुम्ही विचारलंत, तेव्हाही नाही. आई शेवटपर्यंत माझ्या डोक्यावरून हात फिरवून म्हणायची, "तुला काय कळणार होतं, बाळा." तो हात मला झाडता आला नाही आणि सोसताही आला नाही.

तेव्हापासून ते ठोकणं येतं. आधी गाडीत यायचं, म्हणून गाडी सोडली. मग घरात. जेवताना, पोती मोजताना. नेहमी डोक्याच्या वर. मी कधी उत्तर दिलेलं नाही.

तुम्हाला लाकूड आणायला नको म्हणत होतो ते एवढ्यासाठी. त्या दुपारी तुमची गाडी घाट उतरत होती तेव्हा मी गोदामाच्या मागे नुसता उभा होतो.

तुमच्या ड्रायव्हरने गाडी थांबवली. त्या चढावर थांबवता येते, हे मला तुमच्या पत्रातून कळलं.

पुढे काय करायचं ते तुम्ही ठरवा.

धाकटा

---

२ डिसेंबर

वहिनी,

पाच आठवडे झाले. तुम्ही लिहिणार नाही असं धरून चाललो आहे, ते बरोबरच आहे. बायकोला सगळं सांगितलं. तिसऱ्या दिवशी पानावर वाढताना ती म्हणाली, "चार घरं बदललीत, त्यापेक्षा एकदा तोंड उघडलं असतंत."

थंडी वाढली आहे. शेगडी पेटवत असाल अशी आशा करतो.

धाकटा

---

११ जानेवारी

आज "तुम्ही" लिहवत नाही. मी या घरात आले तेव्हा तू तेरा वर्षांचा होतास, माझ्या मागे मागे फिरायचास. तेव्हा "तू"च म्हणत होते. नंतर तू कमावता झालास आणि मी "भाऊजी" म्हणायला लागले. आज पुन्हा तू.

शेगडी पेटवली नाही. लाकूड परसात तसंच रचलेलं आहे. भट्टीला कोळसा आणला. पाववाल्याने विचारलं, बाई, एवढं साठ मैलांवरून आणलंत ते काय शोभेला? मी त्याला म्हटलं, तुझं तू बघ.

आधी वाटलं, तुझं तोंड बघणार नाही. मग वाटलं, चढावर भरलेली गाडी कोण थांबवतं? मीही थांबवली नसती. हे मी खूप दिवस घोकलं. पण ते खोटं आहे. मी थांबवली असती. ते तुला सांगितलंच पाहिजे, कारण आता आपल्या दोघांत खोटं नको.

पण माझा राग नुसता त्याचा नाही. मला जे जाळतंय ते दुसरंच आहे, आणि तुला ते सुचणारही नाही.

त्या सकाळी आमचं भांडण झालं होतं. कशावरून, ते सांगायलाही लाज वाटते. भट्टीच्या झाकणावरून. तू बाहेर गाडी सुरू करून हॉर्न वाजवत होतास. हे गेले ते "येतो" सुद्धा म्हणाले नाहीत. मीही वळून बघितलं नाही, इस्त्री करत राहिले. अकरा वर्षं मी त्या गप्प पाठीशी भांडतेय. हा माणूस जाताना काहीच बोलला नाही, असं मला वाटत होतं.

आणि तो बोलला होता. त्याचं शेवटचं बोलणं होतं ते. "थांब" म्हणत होता, जोर लावून, पुन्हा पुन्हा. ते तू ऐकलंस आणि अकरा वर्षं स्वतःजवळ ठेवलंस. तुला ते ओझं वाटलं असेल. माझ्यासाठी ते त्याचं बोलणं आहे. ते माझं होतं.

येत्या रविवारी ये. पायी नव्हे, साठ मैल चालून आलास तर पाय धरायला लागतील तुझे आणि ते मी करणार नाही. परतीच्या रिकाम्या गाडीत बसून ये, केबिनमध्ये. माफी मागू नकोस, मी द्यायला बसलेली नाही. जसं ऐकलंस तसं मला ठोकून दाखव.

वहिनी

---

४ फेब्रुवारी

ए बाबा,

पोचलास का नीट? जाऊबाईंचं कार्ड आलं, पण तुझ्या हाताचं अक्षर हवं.

तू गेल्यावर मी तो रविवार मनात बराच उलगडून बघितला. तू ट्रकमधून उतरलास तेव्हा मी तुला ओळखलंच नाही. केस गेले की रे सगळे. ह्यांच्यापेक्षा तू आता सहा वर्षांनी मोठा दिसतोस, आणि आहेसही.

तू चहालासुद्धा हात लावला नाहीस. इस्त्रीच्या टेबलापाशी उभा राहिलास आणि ठोकलंस. दोनदा. थांबून दोनदा. मग जोरात. मग भराभर, आणि मग तुझा हात हवेतच राहिला. मी म्हटलं, पुन्हा. तू पुन्हा केलंस. मी म्हटलं, आणखी एकदा. तिसऱ्या वेळी तुझे सांधे लाल झाले होते आणि हात थांबेना, ठोकतच राहिला, तेव्हा मी तो धरला. इतकंच.

मग मी परसातून लाकूड आणलं आणि शेगडी पेटवली. तू बघत होतास. लाकूड चांगलं लागलं, धूर नाही, ठिणग्या नाहीत. तू खुर्चीतच झोपलास, तोंड उघडं टाकून, लहानपणी झोपायचास तसा. ड्रायव्हरने तीनदा हॉर्न वाजवला तरी उठेनास.

आता जे लिहिते ते जाऊबाईंना वाचून दाखवू नकोस, घाबरेल.

मंगळवारी दुपारी मी एकटी चादरी पिळत होते. डोक्यावर, पत्र्यावर, टक टक. मांजर नव्हतं, मी बाहेर जाऊन बघितलं. शुक्रवारी पुन्हा. काल इस्त्री करताना. आता ते माझ्याकडे आलंय.

मला भीती वाटली नाही. पहिल्यांदा अंगावर काटा आला, खोटं का बोलू. पण मग मी काय केलं सांगू? हातातलं काम होतं तसं ठेवलं आणि थांबले. इस्त्री उभी केली, हात पुसले, वर बघत उभी राहिले. पुन्हा ठोकलं नाही. दर वेळी असंच होतं. ऐकू आलं की मी थांबते. कुणीतरी थांबायला हवं होतं ना.

तिकडे अजून येतं का, ते कळव.

तुझी,
वहिनी

---

१५ फेब्रुवारी

वहिनी,

इथे बंद झालं.

त्या रविवारी परत येताना गाडीत आलं नाही. वाटलं, घरी येईल. घरी आलं नाही. आता गोदामाच्या पत्र्यावर कावळे नाचतात ते नुसते कावळेच असतात. परवा मी मुद्दाम रिकाम्या खोलीत जाऊन बसलो, दार लावून, वर बघत. काही नाही. बायको म्हणाली, आता तरी नीट जेवा. जेवतो. पण आपलं काहीतरी कुणी उचलून नेलंय असं वाटतं. अकरा वर्षं ज्याच्यापासून पळालो त्याची वाट बघत बसेन, असं कधी वाटलं नव्हतं.

मी एकदाही थांबलो नव्हतो, वहिनी. ते तुम्ही केलंत.

तुमच्याकडे आहे म्हणता, तर असू दे. येतं का, कधी येतं, ते अधूनमधून कळवत जा. बागेत अजून दोन गाड्या भरतील एवढं वाळलेलं लाकूड आहे, पाणी चढायला पावसाळा उजाडेल. मार्चच्या पहिल्या रविवारी एक गाडी घेऊन मीच येतो. केबिनमध्ये शेजारची सीट मोकळी ठेवून.

दादाला थंडी कधीच सोसली नाही. लाकूड जपून वापरू नका.

धाकटा